पार्श्वभूमी : एरोस्पेसच्या पदवीत सक्तीचे काय?

एरोस्पेस अभियांत्रिकीच्या पदवीचे नियम बदलायचा प्रस्ताव कुठल्याही विद्यापीठात आला, तरी कागद साधारण एकसारखाच दिसतो. एकूण क्रेडिट (विषयाच्या तासांचे माप) थोडी कमी. स्ट्रक्चर्सचा (सांगाड्याच्या मजबुतीचा) दुसरा विषय सक्तीतून ऐच्छिकात. कक्षीय यांत्रिकी (कक्षेत फिरणाऱ्या यानाच्या मार्गाचे गणित) ऐच्छिकातून सक्तीत. पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग, आणि त्याला जागा करून देण्यासाठी इलेक्ट्रिकल सर्किट्स किंवा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा भाग बाहेर. शेवटी 'पूर्वअटींमध्ये (कुठल्या विषयाआधी कुठला झालेला हवा) त्यानुसार किरकोळ फेरफार' अशी एक निरुपद्रवी ओळ, जी पुढे सगळ्यात जास्त डोकेदुखी देते. यातले काहीच नवे नाही. प्रत्येक ओळीमागे काही दशकांची भांडणे आहेत, आणि ती ठाऊक नसली की प्रस्ताव नुसती आकडेमोड वाटतो.

सुरुवातीचा काळ चटकन उरकता येतो. १९०९ साली पॅरिसमध्ये फक्त वैमानिकी शिकवणारी स्वतंत्र संस्था निघाली. १९१४ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बर येथे अमेरिकेतले पदवीपूर्व वर्ग सुरू झाले, तेही जहाजबांधणीच्या विभागाच्या आश्रयाने. रोल, पिच, यॉ (कुशीवर कलणे, नाक वर-खाली होणे, नाक डावी-उजवीकडे वळणे) हे शब्द जहाजांकडून विमानांकडे आलेले आहेत, त्यामुळे हा आश्रय वाटतो तितका विचित्र नव्हता. १९२६ ते १९३० या काळात एका धनाढ्य घराण्याच्या निधीतून अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना वैमानिकीचे विभाग आणि विंड टनेल (मॉडेलवर वारा सोडून पाहायचा बोगदा) मिळाले. टनेल ही महागडी वस्तू. एकदा बांधली की तिच्याभोवती विषय उभे राहतात, माणसे नेमली जातात आणि अभ्यासक्रमाचा गुरुत्वमध्य तिकडे सरकतो. वायुगतिकी हाच या शाखेचा आत्मा, ही समजूत बऱ्याच अंशी त्या निधीची देणगी आहे.

आजच्या अभ्यासक्रमाचा सांगाडा मात्र त्या काळातला नाही, तो १९५५ चा आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या अभियांत्रिकी शिक्षकांच्या एका समितीने अहवाल दिला. वर्कशॉप, ड्रॉइंग आणि हस्तपुस्तिकेतले तक्ते बघून करायची कामे कमी करा, गणित-भौतिकशास्त्र वाढवा आणि सहा 'अभियांत्रिकी विज्ञाने' सगळ्या शाखांना शिकवा, असा त्याचा रोख होता. सॉलिड मेकॅनिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, उष्णता व वस्तुमानाचे वहन, विद्युत सिद्धांत आणि पदार्थांचे गुणधर्म ही ती सहा. सत्तर वर्षांनंतर दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक उघडा, जवळपास हीच यादी दिसेल. विमान शिकायला आलेल्याला सर्किट्स कशाला, असे मुले दरवर्षी विचारतात. त्याचे प्रामाणिक उत्तर 'उपयोगी पडेल' हे नसून 'सहांपैकी एक आहे' हे आहे.

त्या अहवालाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. त्याच्या आधीच्या मसुद्यात पदवीचे दोन प्रवाह सुचवले होते : एक उद्योगातल्या सर्वसाधारण कामासाठी, दुसरा संशोधनाकडे झुकणारा, आणि दोन्हींना वेगवेगळी मान्यता. यावर एवढा गदारोळ झाला की अंतिम अहवालातून ही सूचना गळली. कुठल्याच विद्यापीठाला 'खालचा' प्रवाह आपल्या वाट्याला यायला नको होता. परिणामी एकच पदवी, चार वर्षांची, आणि तिने कारखान्यात जाणाऱ्यालाही पुरायचे आणि पीएचडीला जाणाऱ्यालाही. सक्तीच्या विषयांची यादी त्यानंतर कधीच आटोपशीर राहिली नाही, याचे निम्मे कारण इथे आहे.

उरलेले निम्मे कारण दोन वर्षांनी आकाशात गेले. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक सुटला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पाट्या बदलू लागल्या. 'एरोस्पेस' हा शब्द १९५८ च्या सुमारास चलनात आला, आणि तो विज्ञानातून आलेला नाही. अमेरिकी हवाई दलाला असे ठसवायचे होते की वातावरण आणि त्यापलीकडचे अवकाश हा एकच अखंड पट्टा आहे. पट्टा एकच असेल तर त्याचा रखवालदारही एकच, आणि तो अर्थातच हवाई दल. भूदल आणि नौदल दोघेही तेव्हा स्वतःची रॉकेटे घेऊन बसले होते. हद्दीच्या भांडणात घडवलेला हा शब्द विद्यापीठांनी पदवीच्या कागदावर जसाच्या तसा चढवला. १९६३ च्या आरंभी विमानवाल्यांची आणि रॉकेटवाल्यांची अशा दोन व्यावसायिक संघटना एकत्र झाल्या आणि नावावर शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटले. सगळेच त्या वाटेने गेले नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्रसिद्ध विभागाने १९५९ साली नावात दोन्ही शब्द घेतले, पण मध्ये 'आणि' ठेवला. तो 'आणि' अजून आहे. माझ्या मते ते नाव जास्त खरे आहे.

कारण पट्टा अखंड नाही, निदान शिकवण्याच्या दृष्टीने तरी नाही. हवेत उडणारे यंत्र हवेवर टेकलेले असते. नाक वर केले की उचल वाढते, इंजिनाचा जोर वाढवला की वेग किंवा उंची वाढते. कक्षेतले यंत्र कशावरच टेकलेले नसते. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ च्या अंतराळवीरांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याच्या दिशेने रोख धरून थ्रस्टर चालवले आणि अंतर कमी होण्याऐवजी वाढत गेले. कक्षेत पुढच्या वस्तूला गाठायचे तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते, तिथे फेरी लवकर पूर्ण होते, मग वर चढायचे. कसलेल्या वैमानिकांची सगळी सहजबुद्धी तिथे उलटी पडली. जवळपास निम्मे इंधन खर्ची पडले आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. विमानाचे गतिशास्त्र उत्तम आले म्हणून अंतराळाचे आपोआप येत नाही, याचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा नाही.

समाईक गोष्टी आहेतच. दृढ वस्तूच्या फिरण्याची समीकरणे दोन्हीकडे तीच. नॉझलमधला दाबक्षम प्रवाह जेट इंजिनालाही लागतो आणि रॉकेटलाही. पातळ पत्र्याचे बकलिंग (दाबाखाली अचानक वाकून दुमडणे) विमानाच्या धडात आणि रॉकेटच्या टाकीत सारख्याच तऱ्हेने होते. पण त्यानंतर वाटा फुटतात. विमानाच्या सांगाड्याला हजारो उड्डाणे सोसायची असतात, म्हणून तिथे फॅटिग (पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने तडे जाणे) हा मुख्य शत्रू. उपग्रहाला उड्डाणाच्या काही मिनिटांतला थरथराट सोसायचा आणि पुढची दहा वर्षे उन्हा-सावलीतला तापमानाचा फरक झेलायचा. एकाला स्ट्रक्चर्सचा दुसरा विषय लागतो, तर दुसऱ्याला कंपने आणि औष्णिक नियंत्रण. चार वर्षांत दोन्ही पूर्ण शिकवणे शक्य नाही हे सगळ्यांना १९६० च्या दशकातच कळले होते. तरी नाव एकच ठेवले गेले.

या तिढ्यावर पदव्यांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी मंडळाने (ABET) जी भाषा वापरली, तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक वाद तिथे येऊन अडत आले आहेत. अमेरिकेतले निकष गेल्या शतकाच्या अखेरीस नव्याने लिहिले गेले तेव्हा दोन याद्या करण्यात आल्या. वैमानिकी म्हणवणाऱ्या पदवीला वायुगतिकी, पदार्थ, स्ट्रक्चर्स, प्रणोदन (इंजिनाने पुढे ढकलण्याचे शास्त्र), उड्डाण यांत्रिकी आणि स्थैर्य व नियंत्रण हवे. अंतराळ अभियांत्रिकी म्हणवणाऱ्या पदवीला कक्षीय यांत्रिकी, अवकाशातील पर्यावरण, यानाचा रोख मोजणे व सांभाळणे, दूरसंचार, अवकाशीय संरचना आणि रॉकेट प्रणोदन हवे. आणि ज्या पदवीच्या नावात दोन्ही येतात, म्हणजे 'एरोस्पेस', तिला या दोनपैकी एक यादी पुरी हवी होती, शिवाय दुसरीतले 'काही विषय'. अलीकडे 'काही' च्या जागी 'निदान दोन, तितक्याच खोलीने' असे आले, पण वाद त्या जुन्या शब्दावरून वाढले.

काही म्हणजे किती? निकष गप्प होता. आणि 'विषय' म्हणजे तरी काय? वेळापत्रकात स्वतंत्र नाव, क्रमांक आणि परीक्षा असलेला विषय की एखाद्या मोठ्या विषयातला चार तासांचा धडा? मूळ इंग्रजीतला 'topics' हा शब्द धड्याकडे जास्त झुकतो, पण विभागाच्या बैठकीत तो सोयीप्रमाणे दोन्ही अर्थांनी वापरला जाई. ज्याला कक्षीय यांत्रिकी सक्तीची करायची असे तो म्हणे, निकषात 'topics' असे अनेकवचन आहे, तेव्हा एक अख्खा पेपर तरी हवाच. ज्याला ती नको असे तो म्हणे, आमच्या डायनॅमिक्सच्या पेपरात केप्लरचे नियम आहेत, प्रणोदनाच्या पेपरात रॉकेटचे समीकरण आहे, झाले की 'काही'. दोघेही निकषाच्या आत होते. म्हणूनच हा वाद निकष दाखवून मिटत नसे, आणि तरीही दर वेळी निकषच दाखवला जाई.

ही ढिलाई चुकून राहिली असे मला वाटत नाही. निकष लिहिणाऱ्यांसमोर तेव्हा जे विभाग होते, त्यातले बहुतेक विमानाच्या यादीवर उभे होते. दुसऱ्या यादीसाठी त्यांच्याकडे दोन-तीन शिक्षक असत, कुठे एकच. 'काही' च्या जागी आकडा घातला असता तर अर्ध्या पदव्यांना नाव तरी बदलावे लागले असते किंवा माणसे तरी नेमावी लागली असती. नाव बदलणे कुणालाच परवडत नव्हते. प्रवेश घेणारा मुलगा-मुलगी 'स्पेस' या दोन अक्षरांसाठी येतात, हे सगळ्यांना माहीत होते आणि आहे. पदवीचे नाव अंतराळाचे आश्वासन देते, सक्तीचे विषय विमानाचे असतात आणि मधली फट 'काही' या शब्दाने बुजवली गेली. कक्षीय यांत्रिकी सक्तीची करावी हा आजचा प्रस्ताव त्या फटीचे देणे उशिरा फेडण्याचा प्रकार आहे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही, कारण फेडायला पैसे दुसऱ्या खिशातून काढावे लागतात.

मधला मार्ग म्हणून अनेक ठिकाणी 'दोनातून एक' ही पद्धत आली : तिसऱ्या वर्षी विमानाचे स्थैर्य व नियंत्रण किंवा यानाचे गतिशास्त्र, कुठलेही एक घ्या. वरवर उदार वाटणारी ही सोय शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात महाग पडते. त्या प्रकल्पात पाच-सात जणांची टोळी एक विमान किंवा एक उपग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडते. टोळीतल्या निम्म्यांनी एक विषय घेतलेला आणि निम्म्यांनी दुसरा असेल, तर नियंत्रणाचे काम दोघांच्या गळ्यात पडते आणि बाकीचे अहवाल सजवतात. दुसरा उपाय म्हणजे एकाच पेपरात दोन्ही कोंबणे, अर्धे सत्र विमान आणि अर्धे सत्र यान. तो कागदावर सगळ्यांना पटतो. वर्गात मात्र पहिले अर्धे सत्र लांबते आणि यान शेवटच्या तीन आठवड्यांत उरकते.

१९७० च्या दशकाची आठवण इथे अपरिहार्य आहे. मार्च १९७१ मध्ये अमेरिकेने स्वनातीत प्रवासी विमानाचा प्रकल्प सोडला, डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरच्या मोहिमा संपल्या. सिएटलमधल्या विमान कंपनीत १९६७ साली लाखभर लोक होते, एप्रिल १९७१ मध्ये चाळीस हजारही उरले नाहीत. विद्यार्थी आटले. काही विभाग मेकॅनिकलमध्ये विलीन झाले आणि जे टिकले त्यांनी स्वतःला 'व्यापक पाया देणारे' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्या पिढीच्या शिक्षकांच्या मनात एक गोष्ट कायमची बसली : एका धंद्याच्या तेजीवर पदवी बेतायची नाही. म्हणून दर वेळी अंतराळ उद्योगात भरती आली की तरुण शिक्षक अभ्यासक्रम तिकडे वळवा म्हणतात, आणि जुने मान हलवतात. शीतयुद्ध संपल्यावर १९९० च्या दशकात नोकऱ्या पुन्हा घटल्या तेव्हा जुन्यांचे म्हणणे दुसऱ्यांदा खरे ठरले.

त्याच दशकात मान्यतेची रीतच बदलली. तोवर हिशेब क्रेडिटचा होता. वर्षभराचे गणित आणि मूलभूत विज्ञान, वर्षभराची अभियांत्रिकी विज्ञाने, अर्ध्या वर्षाचे डिझाइन, अर्ध्या वर्षाचे मानव्य व सामाजिक विषय. यातले 'अर्ध्या वर्षाचे डिझाइन' हे प्रकरण तर विनोदीच होते. कुठलाही पेपर निखळ डिझाइनचा नसे, म्हणून प्रत्येक पेपराची क्रेडिट फोडून दाखवावी लागत : तीन क्रेडिटच्या प्रणोदनात दोन विज्ञान, एक डिझाइन. हे प्रमाण ठरवायला मोजपट्टी नव्हती. बेरीज सोळाला (अर्ध्या वर्षाची क्रेडिट) भरेपर्यंत आकडे इकडून तिकडे सरकत. पुढे विज्ञान आणि डिझाइन यांची मिळून दीड वर्षाची एकच मोट बांधली गेली आणि हा खेळ थांबला.

१९९७ साली स्वीकारलेल्या आणि २००१ पासून सक्तीच्या झालेल्या नव्या निकषांनी प्रश्न फिरवला. काय शिकवले हे विचारायचे सोडून विद्यार्थी काय करू शकतो हे विचारायचे ठरले. अकरा निष्पत्तींची यादी आली. २०१९-२० पासून तिच्या सात झाल्या. याच सुधारणेत गणित-विज्ञानाची किमान मर्यादा ३२ वरून ३० आणि अभियांत्रिकी विषयांची ४८ वरून ४५ क्रेडिटवर आली. ही पाच क्रेडिटची सवलत लहान दिसते, पण अभ्यासक्रम समितीत बसलेल्याला विचारा. दीड विषयाची मोकळी जागा म्हणजे तिथे दिवाळी. वॉशिंग्टन करारामुळे या बदलांचे पडसाद बाहेरही उमटतात. १९८९ साली सहा देशांतल्या संस्थांनी केलेल्या या करारात एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समतुल्य मानायचे ठरले. भारत त्यात २०१४ साली पूर्ण सदस्य झाला.

नव्या निकषांच्याच सुमारास युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या विभागांनी मिळून 'संकल्पना, आराखडा, निर्मिती, वापर' या चार पायऱ्यांभोवती शिक्षण बांधायची चळवळ २००० साली सुरू केली. स्वीडनमधली तीन विद्यापीठे तिच्यात पहिल्यापासून होती. मागणी उद्योगाची होती. नवे अभियंते समीकरणे सोडवतात पण वस्तू बनवत नाहीत, अशी ती तक्रार. म्हणजे १९५५ ने जे बाहेर काढले तेच, नव्या कपड्यांत, पुन्हा दाराशी. मधल्या काळात एक फरक झाला होता. ड्रॉइंग बोर्ड गेला होता. जून १९९४ मध्ये पहिल्यांदा उडालेले बोइंग ७७७ हे संपूर्णपणे संगणकावर आरेखित झालेले पहिले मोठे प्रवासी विमान. त्यानंतर हाताने ड्रॉइंग शिकवण्याचा आग्रह धरणारे शिक्षक उघडपणे बोलेनासे झाले. कॅडचा पेपर आला आणि त्याची क्रेडिट ड्रॉइंगहून कमी ठेवली गेली, कारण सॉफ्टवेअर 'मुले आपली आपण शिकतात' असे ठरवून टाकण्यात आले.

आता क्रेडिटच्या एकूण बेरजेकडे. अमेरिकेत १९५० च्या दशकात अभियांत्रिकीची पदवी १४० च्या पुढे सहज जाई. पुढे शुल्क वाढले, चार वर्षांची पदवी पाच वर्षे रेंगाळू लागली आणि काही राज्यांनी कायद्याने लगाम घातला. टेक्साससारख्या राज्यात २००५ च्या कायद्याने सार्वजनिक विद्यापीठांतील पदवीला १२० तासांची मर्यादा आली, सबळ शैक्षणिक कारण असेल तरच जास्त. अभियांत्रिकीवाल्यांनी सबळ कारणे शोधली आणि १२४, १२८ अशा आकड्यांवर तडजोडी झाल्या. युरोपात बोलोन्या जाहीरनाम्यानंतर (१९९९) जुनी सलग पाच वर्षांची पदवी तीन अधिक दोन अशी तुटली; वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम, त्यात घरी केलेला अभ्यासही धरलेला. भारतात २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने चार वर्षांची बेरीज १६० वर आणली. १२०, १८० आणि १६० हे आकडे शेजारी ठेवून 'अमुक देशात कमी शिकवतात' असे म्हणणारे बरेच भेटतात. ती तुलना व्यर्थ आहे. तिन्ही ठिकाणी क्रेडिट हा शब्द वेगळ्याच गोष्टीचे माप आहे.

बेरीज खाली आली की पहिला बळी प्रयोगशाळेचा जातो. तीन तासांच्या प्रयोगाला बहुधा एक क्रेडिट मिळते, भारतीय नियमात दोन तासांना एक. तो काढून क्रेडिट फारसे वाचत नाही, पण जागा, यंत्रे, तंत्रज्ञ आणि शिक्षकाची अख्खी दुपार वाचते. पैशाची ही बाजू प्रस्तावात कधी लिहिलेली नसते. तिथे 'दोन प्रयोगशाळांचे एकात्मीकरण' असे लिहिलेले असते. विंड टनेलमध्ये मॉडेलचा कोन एकेक अंशाने वाढवत नेताना स्टॉल (उचल एकदम कोसळणे) कुठे होतो हे हाताने टिपलेल्या मुलाला सिम्युलेशनमधला उचलीचा आलेख कुठे फसवा आहे हे कळते. निदान तो संशय घेतो. हे कुठल्या निष्पत्तीत बसवायचे हा मान्यतेच्या तक्त्याचा प्रश्न आहे, टनेलचा नाही.

स्ट्रक्चर्सचा दुसरा पेपर ऐच्छिक करण्याचा मुद्दा या पार्श्वभूमीवर पाहावा. तो पेपर आजच्या रूपात उभा राहिला त्यामागे अपघात आहेत. १९५४ साली दोन कॉमेट विमाने हवेत फुटली आणि दाब दिलेल्या धडाचे फॅटिग हा सगळ्यांच्या अभ्यासाचा भाग झाला. १९८८ साली हवाई बेटांजवळ एका ७३७ च्या छताचा मोठा तुकडा उडाला. त्या विमानाच्या तोवर ८९ हजारांवर उड्डाण-फेऱ्या झाल्या होत्या, आणि तडा असूनही रचना किती तग धरेल हे शिकवणे अटळ झाले. २००९ च्या डिसेंबरात उडालेल्या ७८७ मध्ये वजनाच्या हिशेबाने निम्मी रचना कंपोझिटची (राळेत घट्ट केलेल्या तंतूंच्या थरांची) आहे, म्हणजे थरांचे सिद्धांतही याच पेपरात. पेपर जड होत गेला तेव्हाच तो ऐच्छिक करायची भाषा सुरू झाली. ऐच्छिक करण्याची बाजू घेणारे म्हणतात, फायनाइट एलिमेंटचे (रचनेचे छोटे तुकडे पाडून ताण काढणारे) सॉफ्टवेअर हे सगळे करते. करते, पण सीमेवरच्या अटी चुकीच्या दिल्या तरी तितक्याच रंगीत चित्रासह करते.

दुसऱ्या पारड्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या गोष्टी आहेत आणि त्या हलक्या नाहीत. १९९९ साली कॅलिफोर्नियात दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती उपग्रहाचे मानक ठरले आणि २००३ साली असे पहिले उपग्रह कक्षेत गेले. तोवर विद्यार्थ्यांनी उपग्रह 'कागदावर' बनवायचा असे, आता तो खरोखर उडू लागला. मग कक्षीय यांत्रिकी ऐच्छिक ठेवून शेवटच्या वर्षी उपग्रह बनवायला लावणे हा विसंगत प्रकार उघडा पडला. सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाभोवती फिरायला गेलेले एक यान नष्ट झाले, कारण एका गटाचे सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होते आणि दुसऱ्याचे न्यूटन-सेकंदात घेत होते. सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा पेपर सक्तीचा करा म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगले उदाहरण मिळाले नसते. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. नाक खाली ढकलणारे सॉफ्टवेअर एकाच सेन्सरच्या भरवशावर चालत होते. नियंत्रण, सॉफ्टवेअर, वैमानिकाचे वर्तन आणि नीती हे चार वेगवेगळे पेपर आहेत ही समजूत त्यानंतर टिकवणे कठीण झाले.

प्रोग्रामिंगचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. फोरट्रान गेले, मॅटलॅब आले, आता पायथन. भाषा बदलली तरी वाद तोच : पहिल्या वर्षी वेगळा पेपर, की प्रत्येक पेपरात थोडे थोडे? वेगळा पेपर ठेवला तर मुले तिसऱ्या वर्षापर्यंत विसरतात. पसरवले तर कुणाचीच जबाबदारी राहत नाही.

राहिल्या पूर्वअटी. सक्तीच्या विषयांची साखळी एरोस्पेसमध्ये फार लांब असते : कॅल्क्युलसवर स्टॅटिक्स, त्यावर डायनॅमिक्स, त्यावर उड्डाण यांत्रिकी, त्यावर नियंत्रण, त्यावर अंतिम प्रकल्प. एक विषय एकदा हुकला आणि तो वर्षातून एकाच सत्रात शिकवला जात असेल, तर पदवी वर्षभर लांबते. कक्षीय यांत्रिकी सक्तीची करताना ती या साखळीत अडकवायची की बाजूला मोकळी ठेवायची, यावरून विषयापेक्षा जास्त वाद होतो. मोकळी ठेवली तर शिक्षक म्हणतात की मुलांना डिफरन्शियल इक्वेशन्स येत नाहीत. अडकवली तर साखळीला आणखी एक कडी.

बदल मंजूर झाला तरी तो प्रवेशाच्या वर्षानुसार लागू होतो. आधी आलेले जुन्या नियमांनी जातात, पण जुना पेपर काही सत्रांनंतर शिकवला जात नाही. मग नापास झालेल्या, रजा घेतलेल्या, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मुलांसाठी पर्यायांचा तक्ता लागतो : जुन्या स्ट्रक्चर्स-२ ऐवजी नवे काय चालेल, सर्किट्स आधीच झाले असेल तर त्याची क्रेडिट कुठे धरायची. हा तक्ता प्रस्तावासोबत फार क्वचित जोडलेला असतो. तो नंतर विभागाच्या कार्यालयात, एकेका मुलाच्या अर्जावर, हळूहळू तयार होतो, आणि पुढचा बदल येईपर्यंत नियमपुस्तिकेत तळटीप म्हणून शिल्लक राहतो.